चांदीचा रुपया, मातीचं ढेकूळ आणि आत्याचा वाटा



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १४, श्लोक २४

अर्जुनाने विचारलेलं असतं की तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कसा. भगवंत त्याची लक्षणं सांगतात. आजच्या श्लोकातलं लक्षण आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं : सुख आलं काय आणि दुःख आलं काय, तो आपल्या ठिकाणी स्थिर. मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं त्याला सारखंच. निंदा आणि स्तुतीही सारखीच. सहाव्या अध्यायातही योग्याचं हेच लक्षण येऊन गेलंय.

वाचायला फार छान वाटतं. पण हाच श्लोक घरात वाटणीच्या वेळी वापरायचा म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? सोनं आणि माती सारखीच, तर मग वजन कशाला करायचं? भाव कशाला बघायचा? ज्याला जे मिळेल ते घ्यावं आणि गप्प बसावं, असं गीता सांगते का?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आजी गेल्यानंतर तिच्या पितळी डब्यातून निघालेल्या ४२ चांदीच्या रुपयांमुळे पडला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा डबा, थैली किंवा देव्हाऱ्यातली पुरचुंडी असेल. लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघते, हळद-कुंकू लागतं आणि परत कपाटात जाते. ज्या पिढीने ती जपली ती पिढी आता जातेय, आणि हे "कोणाचं, किती" हा प्रश्न आपल्या पिढीच्या समोर येतोय. म्हणून आजचं चिंतन थोडं लांब आहे.

एका डब्यात दोन राज्यांचे रुपये

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. लोक त्याला "हाली" म्हणायचे. इंग्रजांच्या रुपयाला म्हणायचे "कलदार". आणि आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतं. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, त्यामुळे तिकडे कलदार चालायचा. शिवाय हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. बाजारहाट, कापूस, सोयरीक सगळं नदीच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत हाली आणि कलदार एकाच थैलीत सापडले तर आश्चर्य नाही.

दोन्ही रुपये चांदीचे. दोन्ही गोल, जवळपास तेवढेच मोठे, वर्षानुवर्षं डब्यात राहून दोन्ही काळे पडलेले. पटकन बघितलं तर "चांदीचे जुने रुपये" एवढंच कळतं. पण हातात घेऊन बघा. हालीवर चारमिनार आहे. मीर उस्मान अली खानाच्या काळातल्या रुपयावर चारमिनारच्या कमानीत "ऐन" हे अक्षर असतं, उस्मानमधलं पहिलं. साल हिजरी असतं. कलदारवर राणी किंवा राजाचा चेहरा असतो आणि इसवी सन असतं. म्हणून जुनी माणसं "राणीछाप" म्हणतात.

आता खरा फरक. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा, आणि त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, आणि चांदी ८१.८ टक्के. गुणाकार केला तर एका कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी निघते, आणि एका हालीत सुमारे ९.१ ग्रॅम. त्या काळी सरकारी दर होता ६ कलदारला ७ हाली. आज कॅल्क्युलेटरवर १०.७ ला ९.१ ने भागून बघा, जवळपास तेच गुणोत्तर येतं. तो दर चांदीच्या हिशोबाला धरूनच होता.

(आज सराफाकडे "तोळा" म्हणजे १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. "रुपया म्हणजे एक तोळा" असं घरातलं मोठं माणूस सांगत असेल तर ते बरोबरच सांगतंय, फक्त तोळा बदललाय. हिशोब ग्रॅममध्येच करा.)

"आपण माळकरी माणसं"

आमच्या डब्यात हाली २४ निघाले आणि कलदार १८. वारस तीन : बाबा, काका आणि आत्या. आजोबा आधीच गेलेले.

तेराव्यानंतर सगळे बसले होते. काकांनी डबा उघडला आणि म्हणाले, "आपण माळकरी माणसं. भावाबहिणीत ग्रॅम-ग्रॅम काय मोजायचं? बेचाळीस आहेत, चौदा-चौदा घ्या." त्यांनी चेहऱ्याचे रुपये एका बाजूला केले, चारमिनारचे दुसऱ्या बाजूला. चेहऱ्याचे दोन्ही भावांकडे जात होते, आणि आत्यासमोर आले ते चौदाच्या चौदा चारमिनारचे. काकांच्या मनात कपट नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. त्यांच्या लेखी रुपया म्हणजे रुपया.

आत्या काहीच बोलली नाही. आपल्याकडच्या बहिणी बहुतेक वेळा बोलत नाहीत. जमिनीचं हक्कसोडपत्र करताना बोलत नाहीत, तर चौदा रुपयांसाठी काय बोलणार? माहेरचा उंबरा राहावा एवढंच त्यांना हवं असतं. ती फक्त म्हणाली, "दादा, मायच्या गळ्यातला कडीवाला तेवढा मला द्या. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

त्या आकडेमोडीकडे बघा. जुन्याच दराने १४ हाली म्हणजे १२ कलदार. सगळे चारमिनारवाले घेतले तर नगाला नग बरोबर, पण सगळे कलदार मिळालेल्या माणसाच्या तुलनेत दोन कलदार कमी. संख्या समान आणि वाटा असमान. आणि हे सगळं होताना तोंडी शब्द कोणते? "आपण माळकरी माणसं." म्हणजे सोनं आणि माती सारखी मानणाऱ्या श्लोकाचीच भाषा.

इथे मला श्लोक परत वाचावासा वाटला. भगवंत म्हणतात की गुणातीताला ढेकूळ, दगड आणि सोनं सारखं. त्याला त्यातला फरक कळत नाही असं ते कुठेच म्हणत नाहीत. गुणातीत माणूस आंधळा नाही. सोनाराच्या दुकानात बसवला तर तो खरं-खोटं बरोबर सांगेल. फरक एवढाच, की सोनं आपल्याकडे आलं म्हणून तो फुगणार नाही आणि गेलं म्हणून खचणार नाही. ही समता त्याच्या मनाची आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या वाट्याबाबत आहे. दुसऱ्याच्या वाट्याचं सोनं उचलून "अगं, मातीच तर आहे" असं तिला सांगण्याचा अधिकार हा श्लोक कोणालाच देत नाही.

नामदेवांचा परीस, तुकोबांच्या वह्या

आमच्याच जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जातं. त्यामुळे लहानपणापासून परिसाची गोष्ट आम्ही ऐकत आलोय. परिसा भागवतांकडे परीस होता. त्यांच्या बायकोने तो गुपचूप राजाईला, म्हणजे नामदेवांच्या पत्नीला दिला. घरात दारिद्र्य होतं, राजाईने लोखंडाचं सोनं केलं आणि किराणा भरला. नामदेवांना कळलं तसा त्यांनी परीस घेतला आणि चंद्रभागेत टाकून दिला. महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे.

कीर्तनात आपण इथेच टाळ्या वाजवतो. बघा, परीस म्हणजे दगड! पण कथा तिथे संपत नाही. परिसा भागवत आपला परीस मागायला येतात. आता विचार करा, नामदेवांना किती सोपं उत्तर होतं : "अहो भागवत, ती माया होती, गेली तर बरंच झालं." ते असं म्हणत नाहीत. ते नदीत उतरतात, ओंजळभर खडे काढून आणतात आणि म्हणतात, यातला तुमचा ओळखून घ्या. खडे लोखंडाला लावून बघितले तर सगळेच परीस. आपण चमत्काराकडे बघतो. मला आता त्याच्या आधीचं पाऊल महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याची वस्तू परत देण्यासाठी हा निरिच्छ माणूस पाण्यात उतरला. स्वतःला परिसाची किंमत शून्य होती, म्हणून ती भागवतांनाही शून्य असावी असं त्याने गृहीत धरलं नाही.

दुसरी कथा देहूची. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला माहीत असतं. सावकारी घराणं, दुष्काळानंतरचा काळ, लोकांकडे येणं बाकी. पण परंपरेने सांगितलेल्या चरित्रात एक बारीक तपशील आहे आणि तो बहुतेक वेळा निसटतो. धाकटे बंधू कान्होबा यांचा त्या खतांत निम्मा वाटा होता. तुकोबांनी आधी वाटणी केली. निम्मी खतं कान्होबांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची नदीत सोडली.

वैराग्यात तुकोबांच्या वर कोणाला बसवणार? आणि तरीही त्यांनी भावाच्या वाट्याच्या कागदांवर आपलं वैराग्य लादलं नाही. क्रम बघा : आधी वाटणी, मग वैराग्य. हा क्रम उलटा केला की वैराग्याच्या नावाखाली दुसऱ्याचं जातं आणि आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटत राहतं.

मग किंमत करायची कशी

आमच्या घरी शेवटी काटा आला. मी नातू, मोठ्यांच्या बैठकीत बोलायची पद्धत नाही, पण मी बाबांना आधी बाजूला घेऊन आकडे दाखवले आणि बाबांनीच विषय काढला. प्रत्येक रुपयाला तीन वेगळ्या किमती असतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की भांडण होतं.

पहिली किंमत चांदीची. वजन, गुणिले शुद्धता, गुणिले आजचा भाव. मात्र नाणी वापरात झिजलेली असतात, म्हणून पुस्तकातलं वजन धरू नका, प्रत्येक नग काट्यावर ठेवा. साल नक्की वाचा, कारण १९४० पासूनच्या इंग्रजी रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. दिसायला हे आधीच्या रुपयांचेच भाऊ, पण किमतीत मोठा फरक. आमचे कलदार सगळे १९४० च्या आधीचे निघाले. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर ती चांदी नाही. विकायचं असेल तर सराफ त्यातून काही घट धरतो, ते आधीच विचारून घ्या.

दुसरी किंमत संग्राहकाची. इथे चांदीपेक्षा साल, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था मोजतात. जुनं म्हणजे दुर्मिळ असं नसतं. १८६२ सालचा राणीछाप बघून लोक हरखतात, पण तेच साल पुढे कितीतरी वर्षं नाण्यांवर टाकत राहिले, त्यामुळे ते भरपूर सापडतात. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये चित्र सुधारलं. म्हणून १९११ च्या नगाला थोडी जास्त किंमत येते. आमच्यात तसा एक निघाला. एक कळकळीची सूचना : नाणी चिंचेने, पितांबरीने किंवा टूथपेस्टने घासू नका. लक्ष्मीपूजनासाठी चकचकीत केलेलं नाणं देवापुढे छान दिसतं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घासली गेलेली असते.

याच जागी सावधही राहा. "तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा" असे मेसेज येतात, त्यात रिझर्व्ह बँकेचं नावही असतं. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलंय, की ती असे व्यवहार करत नाही आणि असं कमिशनही मागत नाही. परदेशात राहणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक : १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आठवण म्हणून बॅगेत टाकण्याआधी विचार करा.

तिसरी किंमत आठवणीची. आत्याने मागितलेला कडीवाला रुपया घ्या. कधीकाळी आजीने माळेत ओवण्यासाठी त्याला कडी डागून घेतली होती. संग्राहक तो हातात घेऊन लगेच खाली ठेवेल, कारण डागलेलं नाणं त्याच्या कामाचं नाही. चांदीच्या हिशोबात तो इतरांसारखाच. आणि आत्यासाठी तो डब्यातला सगळ्यात मोठा ऐवज. ही किंमत काट्यावर येत नाही, ती माणसाला विचारावी लागते. "तुला यातलं काय हवंय?" हा प्रश्न वाटणीच्या आधी प्रत्येकाला विचारला पाहिजे, विशेषतः जो गप्प आहे त्याला.

मात्र यात एक सापळा आहे. आत्याने आठवण मागितली, म्हणजे तिने हक्क सोडला असं नाही. "तिला कडीवाला दिला ना, मग झालं" असा हिशोब लावणं सोपं असतं. मायेची किंमत देऊन चांदीची किंमत फेडता येत नाही. कायदाही तसंच सांगतो : १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर आईच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगे आणि मुली सारखेच वारस. त्यात शेत येतं तसा पितळी डबाही येतो.

आमची वाटणी शेवटी अगदी सोपी निघाली. २४ हाली आणि १८ कलदार, तिघांना प्रत्येकी ८ हाली आणि ६ कलदार. कडीवाला आत्याच्या सहात. १९११ चा काकांकडे, आणि त्याची जास्तीची किंमत जाणकाराला विचारून त्यांनी तिघांत वाटली. सगळं एका तासात झालं. काट्यामुळे नातं तुटेल अशी भीती होती, तसं काहीच झालं नाही. काका स्वतःच काट्यावर नाणी ठेवत होते आणि हाली-कलदारच्या जुन्या गोष्टी सांगत होते.

मोजल्यानंतरचं वैराग्य

एवढं झाल्यावर बाबांनी आपल्या वाट्यातले सहाही कलदार आत्यासमोर ठेवले. म्हणाले, "मायची शेवटची दोन वर्षं तू केलीस."

आता यात आणि काकांच्या पहिल्या वाक्यात काय फरक आहे? दोन्हींत पैशाकडे पाठ आहे. पण बाबांना माहीत होतं की आपण सुमारे ६४ ग्रॅम चांदी देतोय आणि ती आपली आहे. आपलं काय आणि किती हे ठाऊक असताना हात सोडला, म्हणून ते देणं झालं. सतराव्या अध्यायात भगवंत सात्त्विक दान सांगतात, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. योग्य-अयोग्य ठरवायला आधी वस्तू ओळखावी लागते. किंमत न बघता दिलेलं कधी दान असतं, कधी नुसता निष्काळजीपणा. आणि दुसऱ्याच्या वाट्यातून दिलेलं तर दान नव्हेच.

आत्याने त्यातले तीन परत केले. का, ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

हाली रुपयाचं मला आणखी एक वाटतं. ज्या राज्याने तो पाडला ते राज्य गेलं. दुकानात तो चालणं बंद होऊन आता सहा दशकांच्या वर झाली. हुकमाने मिळालेली किंमत हुकमाबरोबर गेली. चांदीची राहिली, पण तीही रोज वर-खाली होते. म्हणूनच भगवंत सांगतात की त्यावर आपलं सुख टांगू नका. हे मला मनापासून पटतं. पण ज्या वस्तूवर मी माझं सुख टांगायचं नाही, तीच वस्तू माझ्या बहिणीची असेल तर ती तिला गुंजेलाही कमी न होता पोचवायची आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. तुकोबा दुकानदार होते, तराजू हातात धरणं त्यांना माहीत होतं. तोच हात पुढे खतं नदीत सोडताना थरथरला नाही.

आजचा प्रयत्न

१. घरात वाटणीचा काही विषय असेल, छोटा का असेना, तर आज एक प्रश्न स्वतःला विचारा : "पैशाचं काय एवढं" हे वाक्य मी कोणाच्या वाट्याबद्दल बोलतोय? माझ्या, की दुसऱ्याच्या?

२. घरातल्या जुन्या नाण्यांची घासपूस न करता यादी करा. साल, वजन, आणि कोणाची आठवण. हा तिसरा रकाना आजी-आजोबा आहेत तोवर भरून घ्या.

३. घरातल्या गप्प माणसाला आज फोन करा. आत्या, मावशी, मोठी बहीण. नाण्यांसाठीच केला पाहिजे असं नाही.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक : मान-अपमान, मित्र आणि शत्रू.

राम कृष्ण हरी.